नदीकाठची वाट : बंडगार्डनपासून कस्तुरबांच्या समाधीपर्यंत

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. शाळेत असताना इतिहास शिकविला खरा, परंतु तो पुस्तकातला. पुस्तकातले पुन्हा पुस्तकातच लिहावयाचे, तर त्यात भगिनींना नवे काय मिळणार? मग मंडळाच्या पुण्याच्या सहलीची आठवण झाली. त्या दिवशी आपण नदीच्या काठाने जी तीन-साडेतीन किलोमीटरची वाट चाललो, तिच्याविषयी लिहावे असे वाटले. वाट अगदी सोपी. चढ नाही, दगडधोंडे नाहीत. आपल्या नारायणगडाचा चढ ज्या पायांनी लहानपणापासून चढला, त्यांना तर ती खेळच वाटावी. पण एवढ्या लहान वाटेवर इतका इतिहास एकत्र भेटेल, असे मलाही निघताना वाटले नव्हते.

बीडहून नगरमार्गे पुण्यास जाणाऱ्या एसटीत बसलेल्या प्रत्येकीने आगाखान पॅलेस पाहिलेला आहे, म्हणजे खिडकीतून. वाघोली मागे पडली, गर्दी वाढली, की थोड्या वेळाने रस्त्यालगत झाडी आणि फाटक दिसते. तोवर बायका पिशव्या आवरू लागलेल्या असतात. मी स्वतः चाळीस वर्षे अशीच त्या फाटकावरून गेले. लेकीच्या बाळंतपणाला गेले, भाच्याच्या लग्नाला गेले, दवाखान्यात गेले. उतरले मात्र एकदाही नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधीच पूर्ण माफ झाले होते, तेव्हा मंडळात ठरले की या खेपेला केवळ पाहण्यासाठी म्हणून जायचे. आमच्या शेजारच्या मामी शहात्तर वर्षांच्या. त्यांनी सर्वांआधी नाव दिले. "तिकीटच न्हाई म्हणल्यावर घरी बसून काय करू?" असे त्यांचे म्हणणे.

सकाळी बंडगार्डनला पोहोचलो. पाटी वाचून दाखविताच मामींनी विचारले, "बाई, कुणी केलं हो बंड?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न चुकीचा नव्हता. हे बंड म्हणजे आपले बंड नव्हे, इंग्रजीत बंधाऱ्याला म्हणतात ते. मुळा आणि मुठा या दोन नद्या पुण्यात संगमावर एक होतात आणि मुळा-मुठा या जोडनावाने पूर्वेकडे वाहू लागतात. तिथून थोडे खाली, १८५० च्या सुमारास, मुंबईचे दानशूर पारशी गृहस्थ सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून हा बंधारा झाला. हेतू पुण्याच्या लोकांना पाणी मिळावे हा. पुढे काठावर बाग झाली आणि साहेबलोक संध्याकाळी तिथे हवा खाण्यास येऊ लागले. आज त्या बागेस महात्मा गांधी उद्यान म्हणतात, पण रिक्षावाल्याला बंडगार्डनच सांगावे लागते.

बागेलगत नदीवर जुना दगडी पूल आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव त्याला दिलेले. तो १८६७ चा आहे आणि टोकांशी सिंहांचे पुतळे बसविलेले आहेत. मोटारींची वर्दळ आता शेजारच्या नव्या पुलावरून चालते, त्यामुळे जुन्या पुलावर आम्हा बायांना निवांत उभे राहता आले. पाण्याविषयी मात्र चांगले लिहिता येत नाही. जलपर्णीचे हिरवे तवंग आणि नाकाला पदर लावावा असा वास. एवढ्या मोठ्या शहराने नदीला असे वागवावे याचे वाईट वाटले. तरीही बंधाऱ्याखालच्या खडकांवर बगळे होते, पाणकावळे पंख पसरून बसले होते.

मामी कठड्याला धरून बराच वेळ पाण्याकडे पाहत होत्या. "हे कुठं जातंय?" त्यांनी विचारले.

"भीमेला, मामी. पुढे भीमेला मिळतं आणि भीमा पंढरपुराला जाते."

"म्हणजी चंद्रभागाच की ही!" त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले. आपला गड धाकटी पंढरी म्हणविला जातो. ज्यांना थोरल्या पंढरीस जाणे होत नाही, त्यांची पंढरी नगद नारायण महाराजांच्या पायाशी. तेव्हा मामींनी वासाचा विचार न करता हात जोडले, यात नवल नाही. मला मात्र इतकी वर्षे भूगोल शिकवूनही ते पाणी चंद्रभागेचे म्हणून पाहावयाचे सुचले नव्हते.

पूल ओलांडला की येरवडा. उजवीकडे वळून नदीकाठी जाण्याआधी डावीकडच्या टेकडीकडे पाहावयास हवे. तिथे पर्णकुटी नावाचा बंगला आहे. नाव कुटीचे असले तरी वास्तू श्रीमंतांची. ती लेडी प्रेमलीला ठाकरसी यांची. त्यांचे पती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास आपल्या आईचे नाव मिळाले, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. तेच आजचे एस. एन. डी. टी. विधवा झाल्यावर प्रेमलीलाबाई घराच्या कोपऱ्यात बसल्या नाहीत, विद्यापीठाचे काम पाहू लागल्या आणि १९५१ मध्ये त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. येरवड्याच्या तुरुंगातून ८ मे १९३३ रोजी गांधीजींना सोडले, तेव्हा त्यांचा एकवीस दिवसांचा उपवास याच बंगल्यात पार पडला. त्याच जून महिन्यात त्यांचे धाकटे चिरंजीव देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह इथेच झाला. मुलगा वैश्य, मुलगी ब्राह्मण. दोघांनी वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून काही वर्षे थांबून दाखविले होते. मंत्र म्हणण्यास तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. या लग्नाची गोष्ट निघाली, तेव्हा आमच्या दोघीतिघी एकदम गप्प झाल्या. प्रत्येकीच्या घरात काही ना काही असतेच.

तुरुंगही जवळच आहे. तो १८७१ चा. अस्पृश्यांच्या मतदारसंघाच्या प्रश्नावर गांधीजींनी सप्टेंबर १९३२ मध्ये प्राण पणाला लावले ते तिथेच, आणि त्या महिन्याच्या २४ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सही केलेला पुणे करार झाला. त्या कराराने कोणाचे किती साधले आणि कोणाला किती सोडावे लागले, याबद्दल आजही दोन मते आहेत, आणि ती आपल्या मंडळातही आहेत. त्यावर एक स्वतंत्र लेख कोणीतरी लिहावा.

आम्ही काठाने निघालो. या बाजूला डॉ. सालीम अली यांच्या नावाने ओळखली जाणारी झाडी आहे. पक्षी पाहणारे लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून पहाटेच येतात म्हणे, आम्हाला उशीर झाला होता. तरी एक खंड्या दिसला आणि त्याच्या निळाईवर सगळ्या खूष झाल्या. सबंध वाट काही पाण्याला लागून जात नाही. मध्ये कल्याणीनगरच्या मोठमोठ्या इमारती येतात, गल्ल्या येतात, डोक्यावरून मेट्रोचा पूल येतो. ही मेट्रो आधी नगर रस्त्याने राजवाड्यासमोरून न्यावयाची होती. राष्ट्रीय स्मारकाजवळ असे बांधकाम करता येत नाही, म्हणून ती कल्याणीनगरातून वळविली. एका जुन्या वाड्याने रेल्वेला वळण घ्यावयास लावले, हे मला आवडले.

आता वाड्याविषयी. आगाखान तिसरे, सुलतान महंमद शहा, हे इस्माइली खोजा पंथाचे इमाम. त्यांनी १८९२ साली हा वाडा बांधविला. भोवतालच्या दुष्काळग्रस्त लोकांना काम मिळावे म्हणून तो बांधला, असे सांगतात. आमच्याकडच्या बाया हे ऐकून माना डोलावू लागल्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बाया त्यांच्यात होत्या. दुष्काळी कामावर रस्ता होतो, तलाव होतो, तसा राजवाडाही होऊ शकतो! आवार एकोणीस एकरांच्या घरातले, इटलीच्या धर्तीच्या कमानी, चहूकडे लांबच लांब व्हरांडा, हिरवळ आणि जुनी झाडे.

असे ठिकाण तुरुंग कसे झाले? ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींना पकडून या वाड्यात आणले. बरोबर त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई, मीराबेन आणि सरोजिनी नायडू. त्याच संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत गांधीजींऐवजी कस्तुरबा बोलणार होत्या. त्यांनाही अटक झाली आणि मुंबईच्या तुरुंगातून दोन दिवसांनी डॉ. सुशीला नय्यर यांच्यासह इथे आणण्यात आले. वय त्र्याहत्तर. तुरुंग त्यांना नवा नव्हता. दक्षिण आफ्रिकेत १९१३ साली ख्रिस्ती रिवाजाशिवाय झालेली लग्ने कायदेशीर नाहीत असा न्यायालयाचा निकाल झाला, म्हणजे आपल्यासारख्या बायका कायद्याने पत्नी उरल्या नाहीत. तेव्हा बांनी तीन महिने सक्तमजुरी भोगली होती. १९३९ साली राजकोटमध्येही त्या अटकेत होत्या.

वाड्यात येऊन आठवडा होतो न होतो तोच, १५ ऑगस्टला महादेवभाई अकस्मात वारले. वय अवघे पन्नास. त्यांना आवारातच अग्नी दिला. कस्तुरबांनी त्या दहनस्थानाला मंदिर मानले. फिरावयास निघाले की तिथे फुले वाहावयाची, हा सर्वांचा नेम झाला. त्यांच्या फिरण्याला तेवढीच जागा होती. भोवती काटेरी तारा, पहारे. नदी इतकी जवळ, पण आम्ही सकाळी गप्पा मारीत जी वाट चाललो, ती त्यांना बंद. एवढ्या मोठ्या वाड्यावर आणि पहाऱ्यावर आपल्यासाठी खर्च करणे म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी आहे, असे गांधीजींनी सरकारला लिहून कळविले होते, पण ऐकणार कोण?

या अठरा महिन्यांतल्या बांच्या दिनक्रमाविषयी सुशीलाबेन नय्यर यांनी आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यात बा कॅरम खेळतात, आणि हरल्या की त्यांना वाईट वाटते. गांधीजी त्यांना शिकवावयास बसतात. गुजराती वाचन, इतिहास, भूगोल. पृथ्वीवरच्या रेघा समजाव्यात म्हणून संत्रे हातात घेऊन दाखवितात. पंजाबच्या पाच नद्यांची नावे पाठ करून घेतात. आज पाठ झालेले उद्या विसरते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी विसरणारच.

त्या आठवणींतच एका वहीची गोष्ट आहे. बांना लिहिण्यासाठी वही हवी होती. गांधीजी म्हणाले, आधी सुट्या कागदांवर लिही, अक्षर सुधारले म्हणजे वही देऊ. बांना ते लागले. पुढे त्यांना वही देऊ केली, पण त्यांनी ती वापरली नाही.

वाड्याच्या व्हरांड्यात बसून मी ही गोष्ट सांगितली. कोणी काही बोलले नाही. मामी म्हणाल्या, "द्यायला पाहिजे हुती की वही. कागदाला काय तोटा हुता?"

मी गांधीजींना दोष देण्यास बसलेली नाही. कागदाचा तुकडाही वाया न घालविणारा तो माणूस, शिस्त सर्वांना सारखी. आणि दोष द्यावयाचाच तर तो मी कोणत्या तोंडाने देऊ? माझी आई निरक्षर होती. वडील गेल्यावर बँकेत अंगठा द्यावा लागे, तो निळा अंगठा ती पदराला पुसत बाहेर येई. एकदा म्हणाली, "तू एवढ्या पोरींना शिकवतीस, मला सही तरी शिकव. आणि वही आण, पोरींच्यासारखी." मी तिला घरातली फुटकी पाटी दिली. म्हटले, आधी पाटीवर गिरव, नीट जमले म्हणजे वही आणू. शाळेत मुलींना सांगावे तसेच, त्याच आवाजात. दोन दिवस तिने गिरविले. तिसऱ्या दिवशी पाटी फडताळावर पालथी होती. मी तपासण्या, शिबिरे, मुलांच्या परीक्षा यांत पडले होते. मीही विचारले नाही आणि तिनेही पुन्हा विषय काढला नाही. शेवटपर्यंत ती अंगठाच देत राहिली.

आईनेच मला कस्तुरबांचे नाव पहिल्यांदा सांगितले होते. ती तेव्हा दहा-बारा वर्षांची असेल. आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तो सप्टेंबर १९४८ पर्यंत. पलीकडचा पाथर्डीचा मुलूख इंग्रजांचा. तिकडून कासार बांगड्या घेऊन येई. महाशिवरात्र होऊन काही दिवस झाले होते. बायकांच्या हातांत बांगड्या चढविता चढविता त्याने हळूच सांगितले की, गांधीबाबाची बायको सरकारच्या कैदेत गेली, शिवरात्रीच्या दिवशी, आणि अहेवपणी गेली. माझ्या आजीने त्या दिवशी हातातल्या जुन्या बांगड्या उतरविल्या नाहीत, नव्या भरल्या नाहीत, नुसती उठून गेली. का, ते आईला तेव्हा कळले नाही.

ती शिवरात्र २२ फेब्रुवारी १९४४ ची. डिसेंबरपासूनच बांचे हृदय थकले होते. हवा तो वैद्य, हवा तो डॉक्टर मिळण्यासाठी गांधीजींना सरकारला पत्रांवर पत्रे लिहावी लागली. वैद्यराज शिवशर्मा आले, पण रात्री वाड्यात राहण्यास त्यांना परवानगी नव्हती. रात्रीतून बोलावणे आले तर जवळ असावे म्हणून ते फाटकाबाहेर आपल्या मोटारीत झोपत. शेवटी शेवटी देवदासांनी पेनिसिलिन मिळविले. ते तेव्हा नवे आणि दुर्मीळ औषध. मरणाच्या दारातल्या बाईला वरचेवर सुया टोचावयाच्या नाहीत, असे गांधीजींनी ठरविले. मुलाला ते पटणे कठीण होते. मुलगा म्हणून मी देवदासांच्या बाजूची, पण जिच्या अंगाला सुया टोचायच्या तिला कोणी विचारले असते तर, हा प्रश्न उरतोच. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पतीच्या मांडीवर बांनी प्राण सोडला. अंत्ययात्रा बाहेर काढू देण्यास सरकारने नकार दिला. दुसऱ्या दिवशी दीडशेच्या आसपास आप्तेष्टांच्या समोर, महादेवभाईंच्या शेजारी, आवारातच अग्नी देण्यात आला. अंगावर गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी होती. राख गोळा करावयास गेले, तेव्हा हातातल्या पाच काचेच्या बांगड्या न फुटता मिळाल्या, असे सुशीलाबेन लिहितात.

समाध्यांपाशी फार गर्दी नव्हती. दोन समाध्या शेजारी शेजारी. मामींनी पिशवीतून हळदीकुंकवाची पुडी काढली, आणि रखवालदार काही म्हणेल का, म्हणून माझ्याकडे पाहिले. त्याने तोंड फिरविले. बिचारा चांगला होता.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. गांधीजींना ६ मे १९४४ रोजी सोडले. ते प्रथम पर्णकुटीतच गेले, म्हणजे आमच्या सकाळच्या वाटेने उलटे. बांच्या नावाने देशभर निधी गोळा झाला. पाऊण कोटीचे लक्ष्य होते, रक्कम त्याच्याही पुढे गेली. तो पैसा खेड्यातल्या बायका आणि मुलांवरच खर्च व्हावा, ही गांधीजींची अट. त्यातून कस्तुरबा स्मारक ट्रस्ट उभा राहिला. खेड्यात जाऊन राहणाऱ्या ग्रामसेविका, सुइणी, बालवाडीच्या बाया त्यात तयार झाल्या. त्याचे अध्यक्षपद पुढे त्याच प्रेमलीलाबाईंकडे आले. वाडा १९६९ मध्ये आगाखान चौथे यांनी भारताला देऊन टाकला. २००३ पासून तो राष्ट्रीय स्मारक आहे.

परतीची गाडी संध्याकाळी मिळाली. अंधार पडता पडता कोरेगाव आले आणि गाडी भीमेच्या पुलावर चढली. मी मामींना हलवून सांगितले, ही भीमा. त्यांनी हात जोडले आणि विचारले, "सकाळचं पाणी हितनं गेलं का?" मी म्हटले, "नाही मामी, ते खाली पुढे मिळतं. इथे अजून पुण्याचं पाणी आलेलं नाही." त्या हिशोब करीत गप्प बसल्या.

नगरच्या स्टँडवर गाडी वीस मिनिटे थांबली. बाकीच्या चहाला गेल्या. मी समोरच्या दुकानातून दोनशे पानी वही घेतली, वरती मोराचे चित्र असलेली, आणि एक पेन. गाडीत येऊन मामींच्या मांडीवर ठेवली. त्यांनी पाने उलटून पाहिली, वही पिशवीत सर्वांत खाली, घडी घातलेल्या लुगड्याच्या मधे ठेवली, आणि खिडकी लावून घ्या, वारं लागतंय, असे मला म्हणाल्या. वही त्यांच्या घरी आहे. कधीमधी मला एखादे अक्षर विचारतात. वहीत काय लिहिले आहे, ते मी पाहावयास मागितलेले नाही.